चाळीस लाखांचा रिकामा हौदा

पिकअप म्हणजे जिच्या मागे माल आणि पुढे मालाचा मालक बसतो ती गाडी, एवढी व्याख्या आपल्याकडे परवापरवापर्यंत पुरत होती. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात गेलात तर या गाड्यांची रांगच रांग दिसते. कॅरेटवर कॅरेट, त्यावर आणखी कॅरेट, आणि सगळ्यात वर, हा डोलारा आपणच धरून ठेवलाय अशा श्रद्धेने झोपलेला एक माणूस. त्यातल्या एखाद्या ड्रायव्हरला ‘ही तुमची लाइफस्टाइल गाडी केवढ्याला पडली हो?’ असं विचारून पाहा. तो खाली उतरेल, आणि उतरताना सीटखालची टॉमी बरोबर घेऊन उतरेल.

ही व्याख्या बिघडली ती हळूहळू. टाटांनी झेनॉन आणि महिंद्रांनी स्कॉर्पिओ गेटअवे काढून, मागे हौदा असलेली गाडी घरच्या माणसांनीही वापरायला हरकत नाही, असं सुचवून पाहिलं होतं. घरच्या माणसांनी ते मनावर घेतलं नाही. मग २०१६ मध्ये इसुझूने आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यात तयार होणारी व्ही-क्रॉस आणली, साडेबारा लाखांच्या आसपास. २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली. तिची किंमतच मुळी सुरू होत होती ३३ लाख ९९ हजारांपासून, तीही शोरूमच्या आत. कर आणि विमा भरून गाडी शोरूमच्या बाहेर पडेपर्यंत मालकाच्या वयाआधी गाडीची किंमत चाळिशी गाठायची. एवढ्या पैशांत टोमॅटोवाल्याच्या तीन-चार गाड्या येतात, आणि उरलेल्यात टोमॅटो.

रस्ता सोडून, म्हणजे चिखलात, वाळूत, दगडधोंड्यांत, मुद्दाम जाण्यासाठी ही गाडी घेण्यात राम आहे का? (आपले रस्ते म्हणजेच ऑफ-रोड, हा विनोद इथे करणार नाही. तो त्या खड्ड्यांइतकाच जुना झालाय आणि दर पावसाळ्यात पुन्हा वर येतो.) माझं मत लपवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण ते मी आमच्या दाजींसमोर इतक्यांदा मांडलंय की मी तोंड उघडलं की ताई चहा टाकायला उठते. या गाडीचा सगळा जीव मागच्या हौद्यात आहे. तिथे वजन असेल तर गाडी कामाची. नसेल तर थार घ्या, जिम्नी घ्या, नाहीतर घरी बसून भजी खा.

दाजी चार्टर्ड अकाउंटंट आहेत. दुसऱ्यांच्या खर्चाला कारण मागण्यात त्यांची हयात गेली. साडेतीनशे रुपयांच्या रिक्षाच्या पावतीवर ‘कशासाठी?’ असं लाल शाईने लिहिणारा हा माणूस. त्यांनी एके दिवशी पिकअप घेतली. कोणती, ते सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काही दोष नाही. ताईने फक्त एकच शब्द विचारला, तोच, लाल शाईतला. तेव्हा दाजींनी पुराव्यांची फाइलच उघडली.

पहिला पुरावा ‘टॉप गिअर’ या ब्रिटिश कार्यक्रमाचा. २००३ साली त्या लोकांनी १९८८ सालची एक जुनाट हायलक्स घेतली. ती समुद्राच्या भरतीत बुडवली, जाळली, तिच्यावर इमारत पाडायचा लोखंडी गोळा आदळला, आणि शेवटी पाडायला काढलेल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवून ती इमारत सुरुंगाने उडवली. ढिगाऱ्यातून काढल्यावर गाडी सुरू झाली! दुसरा पुरावा त्याहून जड. १९८७ साली आफ्रिकेतल्या चाड देशाच्या सैन्याने टोयोटाच्या पिकअपवर रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं चढवून वाळवंटात लिबियाच्या रणगाड्यांची दाणादाण उडवली. त्या लढाईला इतिहासात नावच ‘टोयोटा वॉर’ पडलं.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पहिल्या गोष्टीवरून गाडी मरत नाही एवढंच सिद्ध होतं, ती चिखलातून बाहेर येते हे नाही. चिखलात न मरता रुतून बसणाऱ्या कितीतरी गाड्या आहेत. आणि चाडमध्ये हौदा रिकामा नव्हता, त्यात क्षेपणास्त्रं आणि ती चालवणारी माणसं होती. हे मी बोलून दाखवलं तेव्हा दाजी म्हणाले, “तू प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतोस.” लाल शाईवाला माणूस मला हे म्हणाला.

आता हौद्याकडे येऊ. टोमॅटोवाल्याच्या हौद्याला रंग कुठला होता हे सांगायला पुरातत्त्व खात्याचा माणूस लागेल. दाजींच्या हौद्याला गाडी घरी आली त्याच आठवड्यात आतून प्लॅस्टिकचं लायनर बसलं, ओरखडा पडू नये म्हणून. लायनर मळू नये म्हणून वर घडीचं झाकण बसलं. झाकणावर धूळ बसू नये म्हणून गाडीला आच्छादन आलं. या सगळ्या संरक्षणाच्या आत काय आहे, तर एक छत्री. तीही, कोणीतरी विचारलंच तर हौद्यात काहीतरी असावं, म्हणून ठेवलेली.

आणि इथेच गाडीच्या शास्त्राचा प्रश्न येतो. पिकअप बांधतानाच मागे ओझं असणार असं धरून बांधतात. हायलक्स काय, व्ही-क्रॉस काय, मागे कॉइल स्प्रिंग नाहीत, पाटे आहेत, ट्रकला असतात तसेच. ओझं पडलं की पाटे बसतात, गाडी शहाण्यासारखी चालते. रिकामी असली की तेच पाटे ताठ राहतात. इंजिन पुढे, माणसं पुढे, त्यामुळे वजनही पुढे. मागची चाकं जमिनीवर नुसती टेकलेली. उंचसखल जागी ताठ पाटे वाकायला तयार नसतात, मग एक चाक हवेत उचललं जातं, आणि साध्या डिफरन्शिअलचा स्वभाव असा की ज्या चाकाला काही काम नाही त्यालाच सगळी ताकद देऊन टाकायची. (सरकारी कचेरीत ज्यांनी हेलपाटे घातलेत त्यांना हे समजायला इंजिनिअर व्हायची गरज नाही.) यावर उपाय म्हणून हायलक्सला मागचं डिफरन्शिअल लॉक करायचं बटण दिलेलं असतं. ते दाबलं की दोन्ही मागची चाकं एकत्र फिरतात. बटण उत्तम आहे. पण रुतायच्या आधी दाबायचं असतं, आणि माणसाला आपण रुतणार हे रुतल्याशिवाय पटत नाही.

शिवाय लांबी. हायलक्सची ५,३२५ मिलिमीटर, व्ही-क्रॉसची ५,२९५. अमेरिकेत या वर्गाला ‘मध्यम’ म्हणतात, कारण तिथे शेजारी फोर्डची चार दारांची एफ-१५० उभी असते आणि ती पावणेसहा मीटरच्या पुढे जाते. आमच्या सोसायटीत पार्किंगचे पट्टे पाच मीटरचे आहेत. त्यामुळे गाडीचा एक फूट सतत सार्वजनिक मालकीच्या जागेत असतो. नाक बाहेर ठेवावं की शेपूट, यावर दाजी आणि सेक्रेटरी यांच्यात पत्रव्यवहार झाला. शेवटी समेट असा झाला की विषम तारखेला नाक आणि सम तारखेला शेपूट.

लांबीचा त्रास पार्किंगपुरता असता तर चाललं असतं. थारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २,४५० मिलिमीटर अंतर आहे, हायलक्सच्या ३,०८५. म्हणजे दोन फुटांहून थोडं जास्त. आता शेताचा बांध ओलांडायचा असं समजा. पुढची चाकं बांध उतरून गेली, मागची अजून चढायची आहेत, अशा वेळी गाडीचं पोट बांधावर टेकतं की नाही हे या दोन फुटांवर ठरतं. थार निघून जाते. लांब गाडी बांधावर पोट टेकवून चारी चाकं फिरवत बसते. ते दृश्य पाहायला गावातली पोरं फार लांबून येतात.

दाजींचा बांध मुळशीकडचा होता. श्रावणातला रविवार, भातखाचरं भरलेली, आणि कडेने जाणारी लाल चिखलाची वाट. वाट खाचराकडे कललेली होती. दाजींनी फोर-लो, म्हणजे चारी चाकांना ताकद देणारा सावकाश गिअर, टाकलं, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला, त्यांच्या चेहऱ्यावरही लागला. वाटेच्या मधोमध मागची बाजू अतिशय सभ्यपणे, आवाज न करता, खाचराच्या दिशेने निघाली. पुढची बाजू वाटेवर, मागची आवणात. चाकं फिरत होती, चिखल उडत होता, गाडी मात्र जागच्या जागी विचार करत होती.

तेवढ्यात मागून एक पिकअप आली. बोलेरो, फोर बाय फोरचं नाव नाही, टायर गुळगुळीत, हौद्यात खताच्या गोण्या ठासून भरलेल्या. ती दाजींच्या शेजारच्या उरलेल्या जागेतून, म्हणजे जिथे जागा नव्हती तिथून, निघून गेली, पुढे थांबली, आणि ड्रायव्हर विडी विझवत खाली उतरला. चिखलात अनवाणी.

“सायब, गाडी हलकीय तुमची.”

दाजींना हे लागलं. “हलकी? दोन टनांच्या वर वजन आहे हिचं!”

“ते पुढं हाय. मागं काय हाय?”

दाजी छत्रीबद्दल काही बोलले नाहीत.

माणसाने मग दोरखंड काढला आणि टोचन करून गाडी बाहेर ओढली. पैसे घेईना. दाजींनी आग्रह केला तेव्हा म्हणाला, “राहू द्या. येताना मागं पाच-सहा पोती टाकून या. न्हाईतर चार माणसं उभी करा हौद्यात.” मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं उभी करणं कायद्यात बसत नाही, हे दाजींनी त्याला तिथेच सांगितलं. तो सगळं नीट ऐकून घेऊन निघून गेला. त्याच्या हौद्यात, गोण्यांवर, दोन माणसं बसलेली होती.

कोकणातल्या पुळणीची गोष्ट वेगळी सांगायला नको. दर सुट्टीला कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर एखादी भारी गाडी वाळूत बसते आणि भरती तिच्याकडे चालत येते. वाळूत जायचं तर टायरमधली हवा कमी करावी लागते, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. पण हवा स्वतःहून सोडणं हे आपल्या संस्कारांत नाही. आणि गाडीवाल्याला भरतीची वेळ मोबाइलवर बघावी लागते, कोळ्याला ती तिथीवरून कळते. अष्टमीच्या भांगात जी गाडी वाचते ती अमावास्येच्या उधाणात वाचत नाही. मग बैल येतात, ट्रॅक्टर येतो, व्हिडिओ काढणारे तर आधीपासून असतातच. अशा वेळी हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, हे कंपनीचं वाक्य आठवून उपयोग नसतो. कंपनीने ते पाण्यातून जाण्याबद्दल म्हटलंय, पाण्यात राहण्याबद्दल नाही.

रुतल्यावर माणूस दोनच गोष्टी करतो, शिकतो किंवा खरेदी करतो. दाजींनी खरेदी केली. विंच, स्नॉर्कल, छतावर दिव्यांची पट्टी, पुढे जाडजूड लोखंडी बुलबार. बुलबार लावून आल्यावर कळलं की केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय, आणि कंपनीने बनवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय. बुलबार उतरला. तो आता ताईच्या गच्चीत आहे, त्यावर पापड वाळतात. खरं तर इगतपुरीला महिंद्रांनी रस्ता सोडून गाडी चालवायचं शिक्षण देणारी शाळाच काढलेली आहे. विंचच्या पैशांत तिथे जाऊन शिकून, जेवून, परत येता आलं असतं. पण ‘मी गाडी चालवायला शिकायला चाललोय’ हे वाक्य पन्नाशीतल्या पुरुषाच्या घशातून निघत नाही.

मी पिकअपचा शत्रू नाही. ज्याला चार माणसं, तंबू, पाण्याचे कॅन, डिझेलचे डबे आणि दहा दिवसांचा शिधा घेऊन स्पिती-लडाखला जायचंय, त्याला थार आणि जिम्नी पुरत नाहीत. जिम्नीत चार माणसं बसली की सामानाने टॅक्सी करून यावं लागतं. तिथे पिकअपच हवी. ओझ्याने पाटे बसतात, ५०० न्यूटन-मीटर ओढ असलेलं इंजिन घाटात कुरकुर करत नाही, ओले बूट आणि डिझेलचा वास मागे राहतो. एखाद्या बागाईतदाराने घेतली तरी शोभते, फक्त त्याने ती पांढऱ्या कपड्यांबरोबर लग्नाला नेण्यापुरती ठेवू नये. तसं बहुतेक जण ठेवतातच, आणि खत आणायला जुनी बोलेरो जाते. शहरातल्या माणसाने, ज्याचं सगळ्यात अवजड सामान म्हणजे लॅपटॉपची बॅग, त्याने निव्वळ चिखलात लोळायला ही गाडी घेऊ नये. लोळायला आखूड गाडी बरी. रुतली तरी थोडीच रुतते.

मात्र शहरातल्या पिकअपचा एक उपयोग मी विसरलो होतो. गाडीला हौदा आहे ही बातमी पंचक्रोशीत पसरायला गणपती पुरले. पहिल्या वर्षी सोसायटीचा गणपती आला, दुसऱ्या मजल्यावरच्यांचा आला, मग ज्यांच्याशी दाजींचं बोलणं नव्हतं त्यांचाही आला, कारण गणपतीला नाही कसं म्हणणार. दिवाळीत एकांचा फ्रिज, नंतर कुणाच्या मुलीच्या रुखवताची टेबलं, मग गाद्या पिंजायला. लायनरला ओरखडे पडले. दाजी कळवळले, पण एक गोष्ट त्या हिशेबी डोळ्यांतून सुटली नाही. फ्रिज मागे असला की गतिरोधकावर गाडी उडत नव्हती.

आणि मग एका शनिवारी दाजींनी कागद-पेन्सिल घेतली. मागच्या आसावर दोनशे किलो पडले पाहिजेत. फ्रिज दर रविवारी मिळणार नाही. समोर बांधकाम चालू होतं. तिथून सिमेंटच्या चार रिकाम्या गोण्या आणल्या, त्यात वाळू भरून घेतली, पैसे रीतसर दिले, पावती मात्र मागितली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

रविवारी आम्ही त्याच मुळशीच्या वाटेला गेलो. मला कबूल करायलाच हवं, गाडी बदलली होती. आधी जिथे मागची बाजू निसटायची तिथे ती आता चिकटून वर आली. खाचराकडे कललेला तो तुकडा दाजींनी जाताना पार केला, वळवून येताना पार केला, आणि मी उतरून व्हिडिओ काढावा म्हणून पुन्हा पार केला. परतीच्या वाटेवर ते गात होते. ताईशी फोनवर बोलताना ‘लोड डिस्ट्रिब्युशन’ हा शब्द त्यांनी तीनदा वापरला.

नदीवरच्या पुलाअलीकडे महसूलचं पथक उभं होतं. संध्याकाळची वेळ, नदीकाठ, पिकअप, मागे गोण्या. हात वर झाला. तलाठी भाऊसाहेबांनी गोणीत बोट घातलं, बोटाला लागलेलं बॅटरीच्या उजेडात पाहिलं, मग चाळीस लाखांच्या गाडीकडे पाहिलं.

“वाळू कुठं चालवलीत?”

“कुठेच नाही,” दाजी म्हणाले. “परत घरी नेतोय.”

“म्हणजे घरनं आणलीत?”

“हो. फिरवून आणली.”

भाऊसाहेबांनी नोकरीत बरेच वाळूवाले पाहिले असणार. रात्री पळणारे, नंबरप्लेटला चिखल फासणारे. वाळूला रविवारचं फिरवून आणणारा हा पहिलाच. त्यांनी गोण्या मोजल्या. चारच निघाल्या, याने त्यांचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. रॉयल्टीची पावती मागितली. दाजींनी पावती नसल्याचं सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज, ज्या माणसांना त्यांनी तीस वर्षं हाच प्रश्न विचारला त्या सगळ्यांच्या आवाजासारखा झाला. मग पाटे, आस, डिफरन्शिअल, सगळं समजावून सांगितलं. भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकलं, गाडीला एक फेरी मारली, मागच्या चाकाला लाथ मारून पाहिली आणि शिपायाला म्हणाले, “लिही रे. वाहतुकीचं कारण...”

शिपायाने पेन उचललं. कोणालाच काही सुचेना. पुलावरून एक टोमॅटोची पिकअप गेली, भरलेली, न थांबता.

“हौस, लिही,” भाऊसाहेब म्हणाले. “आणि गोण्या खाली उतरवून घे.”

गोण्या उतरल्या तशी गाडीची मागची बाजू चार बोटं वर आली. दाजी पुढे येऊन माझ्या कानात हळूच म्हणाले, “तू मागे बस. हौद्यात.”